डोंगराखाली दिवा

"साहेब, हा मोबाइलचा टॉवर शाळेपासून किती लांब असणार?"

हिनानं विचारलं आणि नरपडच्या ग्रामसभेतल्या सगळ्या माना मागे वळल्या. पैज तिच्या मैत्रिणीची, नवशीची होती. "विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन." कालपरवापर्यंत हजेरी द्यायलाही लाजणारी ही दहावीतली पोर, पण वक्तृत्वात बक्षीस मिळालं आणि तिच्या जिभेला भरतीच आली.

"पोरी कधीपासून सभेत बोलायला लागल्या?" कुणीतरी कुजबुजलं.

"बोलू दे रे, शाळा तिचीच आहे," सरपंच जयश्रीताई म्हणाल्या.

कंपनीच्या माणसानं नकाशा पसरला. बोंबील सुकवायच्या वलांड्या आहेत ना, तिथंच. म्हणजे शाळेच्या कुंपणाला लागूनच.

"नियमात बसतं," तो म्हणाला.

"कुठल्या? वाचून दाखवा ना!"

हशा पिकला. नवशीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात म्हातारा नारूबाबा खांबाला टेकून उठला.

"उभारणार म्हणजे? टॉवर आहे की तिथं. त्याच्याच लाल दिव्यावर होड्या आत घेतो आम्ही."

लोक पुन्हा हसले. पण होडीवाले हसले नाहीत. हिनाचे पप्पा, धर्मेश, नुसतेच चपलेनं जमीन उकरत राहिले.

सभेनं ठराव केला: टॉवर शाळेजवळ नको, नाल्यापलीकडे सुरूच्या बनात हलवावा. टाळ्या पडल्या. हिना घरी आली ती तरंगतच.

"पप्पा, नारूबाबा काय बोलत होते?"

"दिसतो एक दिवा. पाण्यातून दिसतो, किनाऱ्यावरून नाही," पप्पा जाळं आवरत म्हणाले. "मला वाटलं, अच्छाडकडे हायवेवरचा कुठला तरी असेल. महालक्ष्मीच्या डोंगराच्या सुळक्याखाली तो दिवा धरला की खडकांमधली वाट बरोबर सापडते. मग कशाला विचारायचं, कुणाचा आहे?"

"मला दाखवा!"

मम्मी नको नको म्हणत राहिली. हिना होडीत बसलीसुद्धा.

जाळं ओढून परतताना सूर्य बुडाला होता. किनारा काळसर पट्टी झाला होता. आणि त्या पट्टीवर, खरंच, एक लाल ठिपका होता. लुकलुकत नव्हता. नुसता होता. खाली खांब नाही, तारा नाहीत, काही नाही. हिनानं फोन काढला. गावात कधी न येणारी रेंज इथं काठोकाठ भरलेली. तिनं मम्मीला लावला. रिंग जात राहिली. वलांड्यांजवळ बोंबील काढणाऱ्या मम्मीकडे ती पोचत नव्हती.

पप्पांनी होडी वळवली. डोंगराखाली दिवा आला. रोजच्यासारखा, सरळ रेषेत.

"चल, पोचलो समज."

खालून खर्र आवाज आला.

पप्पांनी इंजिन बंद केलं. बांबू पाण्यात घातला तर तो दगडावर वाजला. त्यांनी डोंगराकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, परत डोंगराकडे.

"रेषा तर बरोबर आहे. मग हा खडक इथं कसा आला?" त्यांचा आवाज हिनाला ओळखूच येईना. "खडक सरकतो का गं कधी?"

लाट आली, होडी आपटली. हिना दिव्याकडे बघत राहिली. त्याच्याखाली काहीतरी हलत होतं. शेंडे. सुरूचे.

"पप्पा, दिवा बनावर आहे."

"काय?"

"दुपारी ठरलं ना! नाल्यापलीकडे!"

पप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, की आपण हे बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"दिव्याकडे बघू नका," ती ओरडली. "ती बघा शाळेची पांढरी टाकी. ती डोंगराखाली धरा!"

पप्पांनी बांबूनं होडी मागे रेटली. एकदा घासली. पुन्हा घासली.

मग सुटली.

वलांड्यांजवळ वाळूवर मम्मी उभी होती. सभेमुळे इतर होड्या आज गेल्या नव्हत्या. माणसं मात्र नेहमीसारखी घोळक्यानं बसली होती. हिनानं मागे वळून बनाकडे पाहिलं. अंधारात झाडं होती. दिवा नव्हता.

"उशीर का झाला?" मम्मीनं विचारलं.

पप्पा फुटलेल्या फळीवरून हात फिरवत होते.

"मम्मी, पप्पा, माझं ठरलंय," हिना म्हणाली. आवाज सभेतलाच होता. "आज मी होते होडीत. उद्या नसेन, आणि उद्या सगळ्याच होड्या जाणार. मी सकाळी जयश्रीताईंकडे जाऊन माझा प्रश्न मागे घेणार. टॉवर वलांड्यांजवळच राहू दे. शाळेजवळच."

मम्मीच्या कमरेला खोचलेला फोन टुंग करून वाजला. मग पप्पांचा. मग घोळक्यातला एकेक. रेंज आली, रेंज आली, म्हणत सगळे आपापल्या फोनवर वाकले. चेहऱ्यांवर लाल उजेड पडला होता.

कुणीच वर बघितलं नाही.