बिनडोक्याच्या पुतळ्याचा चेहरा

रविवारी दुपारी रंजना पांडेसऱ्यातल्या साड्यांच्या गोदामात गेली, ती फक्त नवा कॅमेरा तपासायला. गोदामाच्या मालकाच्या, मगनशेठच्या साड्यांचे विक्रीसाठीचे व्हिडिओ ती आजवर मोबाइलवर काढायची. पण मोबाइलवर राणी रंग लाल दिसायचा आणि गिऱ्हाईक साडी परत पाठवायचं. "मिररलेस कॅमेरा घ्या शेठ, रंग जसाच्या तसा येईल," असं तिनंच छातीठोकपणे सांगितलं होतं. शेठनं घेतला. आता रंग बिघडला, तर शेठ दुसरी व्हिडिओवाली शोधणार, हे नक्की होतं.

साडी नेसून उभं राहायला तिनं नवागामहून आपल्या मावशीला, कलाबाईला आणलं होतं. मावशी तोंडाला भरपूर पावडर थापून आली होती, डबीही सोबत होती.

सुट्टीमुळे आसपासचे कारखाने बंद होते. एरवीच्या धडधडीची सवय झालेल्या कानांना ती शांतता टोचत होती. खळ आणि रंगाचा आंबूस वास हवेत साचला होता. कोपऱ्यात, साड्या मांडायचा बिनडोक्याचा पुतळा उभा होता.

रंजनानं शूटिंग सुरू केलं. कॅमेऱ्याच्या 'स्टँडर्ड' मोडवर राणी रंग फिका आला. 'विविड'वर भडक. तिनं 'पोर्ट्रेट' निवडलं, आणि रंग अस्सा उतरला की ती खूश झाली. स्क्रीनवर मावशीच्या चेहऱ्याभोवती, चेहरा ओळखणारी फोकसची चौकट उमटली...

आणि सरकली.

मावशीचा चेहरा सोडून चौकट कोपऱ्याकडे गेली. पुतळ्याच्या मानेवर, जिथं डोकं असायला हवं होतं, बरोब्बर तिथं थांबली. मावशी धूसर झाली. रिकामी हवा मात्र स्वच्छ दिसत होती.

रंजनानं सेटिंग बदललं. कॅमेरा बंद करून चालू केला. चौकट तिथंच. मग तिच्या आत एक बारीक चौकट उमटली. ती डोळा ओळखण्यासाठी असते, हे रंजनाला ठाऊक होतं. ती विझली... पुन्हा उमटली... पापणी लवावी तशी.

"मावशी..." रंजना कुजबुजली. "इकडे ये. हळू."

मावशी आली, स्क्रीनमध्ये डोकावली. "माय वं! तठे कोन शे?"

"कुणी नाही."

"मंग मी अठे दोन तास उभी, नि तुन्हा कॅमेरा तिले काय देखस वं?" मावशीच्या भीतीवर अपमानानं मात केली. पावडर पुसली जाईल म्हणून ती घामही टिपत नव्हती. कमरेवर हात ठेवून ती पुतळ्यासमोर गेली.

"मावशी, नको!"

"बाई, तू जी कोन शे ती, जरा बाजूले सरक. पोरीनं काम जाई. तुन्हा फोटो मंग काढसूत."

गोदामात काहीच हललं नाही. स्क्रीनवर मात्र चौकट थोडी खाली झुकली, ओशाळल्यासारखी. मग हळूहळू सरकत काठाशी गेली आणि दिसेनाशी झाली.

"देख, आयकं ना तिनी," मावशी म्हणाली आणि ऐटीत जागेवर जाऊन उभी राहिली.

रंजनानं नजर फक्त फोकसच्या चौकटीवर रोखून उरलेल्या साड्या उरकल्या. एकही फोकस चुकला नाही. तिथूनच, पुन्हा न बघता, तिनं व्हिडिओ शेठला पाठवून दिले. रंजनाच्या घरी पोचल्यावर, मुक्कामाला राहिलेल्या मावशीनं एवढंच विचारलं, "मी कशी दिसी राहिनू?"

दुसऱ्या दिवशी मगनशेठचा फोन आला. "रंजनाबेन, एकदम सरस! रंग बराबर, कापड बराबर. आणि पदर तो काय ताणून धरलाय! दोरा बांधला होता ना? दिसत पण नाही. आता दर व्हिडिओत तसाच दोरा लावजो हां."

"कसला दोरा, शेठ?"

"बस बस, तुमची युक्ती तुमच्याकडे राहू द्या," शेठ हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

रंजनानं व्हिडिओ उघडला. मावशी उभी होती, दोन्ही हात पोटाशी जोडून. पंखा बंद होता. आणि पदर तिच्या बाजूला हवेत आडवा पसरला होता, काठ अगदी सरळ, नक्षी पुरती दिसेल असा.

तिनं चित्र थांबवून मोठं केलं. पदराच्या टोकाला कापड चिमटीत दाबल्यासारखं चुरगळलं होतं. आणि चुणीच्या खालच्या भागावर, राणी रंगात स्पष्ट उमटलेला, पावडर लागलेल्या अंगठ्याचा एक ताजा पांढरा ठसा होता.

"मावशी," तिनं हाक मारली, "काल तुझ्या पावडरीच्या डबीला कुणी हात लावला होता का गं?"

आतून मावशी वैतागून म्हणाली, "मी कवापासून तेच इचारी राहिनू. अर्धी डबी कोनी संपाडी?"