अर्धी दाढी आणि अर्थखातं

कितो या राजधानीच्या शहरात दुपारचा पाऊस सांगून येत नाही, हे नार्सिसाला कुणीतरी सांगितलं असेलही. पण ती ग्वायाकिलची, समुद्रकाठी उकाड्यात वाढलेली. छत्री घेऊन फिरायची तिला सवयच नव्हती.

राष्ट्राध्यक्षांनी भेटीला बोलावलं होतं, पण त्यांच्या प्रासादासमोरचा चौक चढून येईपर्यंत तिला धाप लागली. डोंगरमाथ्यावरची ती विरळ हवा… छाती भरतच नव्हती. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तेवढ्यात आभाळ फुटलं. प्रासादाच्या पायथ्याशी दगडी भिंतीत छोटी छोटी दुकानं होती. समोर जे दार दिसलं त्यात ती शिरली.

ते न्हाव्याचं दुकान होतं.

खुर्चीतल्या तरुणाच्या एका गालावर साबणाचा फेस होता, दुसरा गाल गुळगुळीत. तिचा पांढराफटक चेहरा पाहून तो ताडकन उठला.

"बसा! आधी बसा इथे. डॉन सेगुंदो, धापेवरचा तो कोकाच्या पानांचा चहा आहे ना?"

"आहे की," म्हातारा न्हावी म्हणाला; मानानं त्याला सगळे 'डॉन' म्हणत. "किनाऱ्यावरची दिसते पोर. चढ सोसत नाही यांना."

"आम्ही डोंगरातले लोक तुम्हाला माकडं म्हणतो," फेसवाला मिस्कीलपणे म्हणाला. "ठाऊक आहे ना?"

"आणि आम्ही तुम्हाला काय म्हणतो, ते… चारचौघांत सांगण्यासारखं नाही."

तो हसला. फेसाचा एक ठिपका त्याच्या शर्टावर पडला. चहाचे दोन घोट पोटात गेल्यावर नार्सिसाला जरा बरं वाटलं. शेजारी पडलेलं वर्तमानपत्र घेऊन ती वारा घालू लागली आणि त्यातल्या एका लेखाखालचं नाव बघून थबकली.

"हा फाउस्तो तिपान! याला एकदा गाठायचंय मला. म्हणे, स्वयंपाकाचा गॅस सगळ्यांनाच महाग करा. आयुष्यात कधी चूल पेटवलीय का यानं?"

धार लावता लावता डॉन सेगुंदोचा वस्तरा हवेतच थांबला.

"गणित चुकलंय का त्याचं?" तरुणानं अगदी सौम्यपणे विचारलं.

"नाही ना! गणित बरोबर आहे, म्हणून तर जास्त राग येतो. माणसंच नाहीत त्यात. टक्कल असणार याला, आणि बायको सोडून गेलेली असणार!"

"टक्कल नाही गं मुली," डॉन सेगुंदो खाली बघत म्हणाला. "केस कापता कापता माझेच हात दुखले. आणि बायको… अजून आलीच नाही, तर सोडून कुठून जाणार?"

नार्सिसानं हळूच वर पाहिलं. फेसाखालचा तो चेहरा लाल झाला होता—पण डोळे हसत होते.

"फाउस्तो तिपान," तो किंचित वाकून म्हणाला. "चूल पेटवलीय. माझ्या आईची. फक्त ते लिहायचं राहिलं."

एवढ्यात वरून शिपाई धावत आला. नार्सिसाला दुकानात शिरताना खिडकीतून पाहून राष्ट्राध्यक्षांनी बोलावलं होतं, दोघांनाही. आत्ताच्या आत्ता.

डोन्या एल्व्हिरा, म्हणजे एल्व्हिराबाई, राष्ट्राध्यक्ष होण्याआधी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही खोलीत शिरणाऱ्याची नखं तपासावीत तशा बघत. 'माझ्या अर्थखात्यात पस्तिशीच्या आतलीच माणसं असतील,' असं त्यांनी जाहीर केल्यापासून वर्तमानपत्रं त्या चमूला 'बालवाडी' म्हणत होती.

त्यांनी फाउस्तोकडे पाहिलं. एक गाल दाढीचा, एक बिनदाढीचा.

"ही नवी फॅशन का रे?"

"माझी खुर्ची गेली, बाई," तो नार्सिसाकडे बोट दाखवत म्हणाला.

"मग सवय करून घे," डोन्या एल्व्हिरा म्हणाल्या. "नार्सिसा प्लुआस, तू अर्थमंत्री. फाउस्तो, तू हिचा उपमंत्री. तुझा हिशेब पक्का असतो, पण तू बोलायला लागलास की लोक दगड शोधतात. हिचं रेडिओवर लोक कान देऊन ऐकतात. जा, कामाला लागा."

जिना उतरताना नार्सिसानं घाबरत विचारलं, "माझ्या हाताखाली… चालेल तुम्हाला?"

"गणित माझं, शिव्या तुमच्या," तो म्हणाला. "वाटणी वाईट नाही."

कामाला लागले म्हणजे अक्षरशः जुंपलेच. गॅस स्वस्त ठेवण्यात सरकारचा पैसा धो धो वाहत होता आणि त्यातला निम्मा तर हॉटेलांच्या भट्ट्यांत नि श्रीमंतांच्या तरणतलावांचं पाणी तापवण्यात जळत होता. तो बंद करायचा, पण गरिबाच्या चुलीला धक्का न लावता. फाउस्तो आकडे मांडायचा, नार्सिसा प्रत्येक आकड्यावर विचारायची, "हा कुणाच्या घरचा?" सुरुवातीला तो वैतागायचा. मग तिनं विचारायच्या आधीच सांगू लागला.

शनिवारी दोघं बाजारात जायची, बायकांचं ऐकायला. कितोचे रस्ते म्हणजे सगळा चढउतार. थोडं चाललं की फाउस्तो बुटाची नाडी बांधायला वाकायचा, आणि तेवढ्यात नार्सिसाचा श्वास जागेवर यायचा. किती वेंधळा माणूस, तिला वाटायचं, साधी नाडी बांधता येत नाही! एका शनिवारी तो असाच वाकला, आणि तिचं लक्ष गेलं…

त्याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

ती पुढे चालू लागली. पण त्या दिवशी श्वास जागेवर यायला फार वेळ लागला.

"नवरा का गं हा तुझा?" बटाटेवाल्या डोन्या सोइलानं त्याच दिवशी विचारलं.

"छे! उपमंत्री आहेत."

"म्हणजे तेच की. पिशव्या तर हाच उचलतोय."

फाउस्तो मोठ्यानं हसला. मग त्यानं पेरूच्या गराचा गोड फेस भरलेले दोन कोन घेतले. खाताना त्याच्या नाकाला फेस लागला. "पुन्हा अर्धी दाढी!" म्हणत नार्सिसानं तो अंगठ्यानं पुसला. सहज. अगदी सहज…

दुसऱ्या दिवशी तो अंगठा, ते नाक आणि तिची ती नजर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होती. वर मथळा होता: 'बालवाडीत प्रेमाचे धडे'.

डोन्या एल्व्हिरांनी दोघांना समोर उभं केलं. आधीच्या सरकारात भाचे-पुतणे-मेहुणे इतके माजले होते, की 'एका खात्यात नातीगोती नाहीत' हे वचन देऊनच त्या निवडून आल्या होत्या.

"एकदाच विचारते. तुमच्यात काही आहे का?"

नार्सिसाच्या डोळ्यांपुढून काय काय गेलं. तिच्या वस्तीत रेडिओला कान लावून बसणाऱ्या बाया, तिचं नाव ऐकून रडलेले वडील. आता सगळे म्हणणार, मंत्रीण कसली, ही तर त्याची मैत्रीण…

"नाही!" ती म्हणाली.

"आहे," त्याच क्षणी फाउस्तो म्हणाला.

फाउस्तोनं तिच्याकडे पाहिलं नाही. "म्हणजे माझ्या बाजूनं आहे," तो शांतपणे म्हणाला. "त्यांचं त्यांनी सांगितलंच आहे. मी राजीनामा देतो, बाई."

ती जिन्यात त्याच्या मागे धावली. "तुम्हाला गप्प बसता आलं नसतं?"

"आलं असतं," तो म्हणाला. "उद्याही आलं असतं, परवाही. मग रोज तुमच्या शेजारी बसून गप्पच बसावं लागलं असतं… नाही जमणार मला. रागावलो नाही हं मी. तुम्ही इथे राहायलाच हवं."

आणि तो पावसात निघून गेला.

गॅसचा निर्णय जाहीर झाला तेव्हा चौक बायकांनी भरून गेला. नार्सिसा एकटीच खाली उतरली. हॉटेलांचा आणि बंगल्यांचा गॅस महागणार, तुमच्या घरचा नाही, हे तिनं घसा बसेपर्यंत सांगितलं. शिव्याही खाल्ल्या. हळूहळू आवाज निवळले. गर्दी पांगता पांगता डोन्या सोइला जवळ आली.

"ते पिशव्या उचलणारं पोरगं कुठे गं?"

इतक्या शिव्यांनी न आलेलं पाणी नार्सिसाच्या डोळ्यांत तेव्हा आलं.

ती तशीच वर गेली. "बाई, मी तुम्हाला खोटं उत्तर दिलं होतं. काय शिक्षा द्यायची ती द्या."

डोन्या एल्व्हिरांनी चष्मा काढला. "पंचवीस वर्षं पोरांची खोटी उत्तरं ऐकलीत मी. खरं 'नाही' इतक्या जोरात कुणी म्हणत नाही. पण तो आता तुझ्या खात्यात नाही, मग माझा काय संबंध? खुर्चीत नीट काम कर. रविवारी कुठे जातेस, ते मला सांगू नकोस."

रविवारी ती माचाचीला, फाउस्तोच्या गावी गेली. डोंगराच्या कुशीतलं गारठलेलं गाव, ओलं हिरवं गवत, धुक्यात उभ्या गाई. दार उघडलं ते फाउस्तोच्या आईनं. तिनं नार्सिसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"गॅसवाली मंत्रीण ना तू?"

"हो, आई… बाई…"

"आईच म्हण. पोरगा मागे गोठ्यात आहे. आल्यापासून गाईंशी बोलतोय, माणसांशी नाही. बघ तुला काही जमतंय का."

तो गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून शेण भरत होता. तिला पाहून त्याच्या हातातलं फावडं खाली पडलं.

"मंत्रीबाई?"

"मंत्रीबाई म्हणू नकोस!" ती एका दमात बोलत सुटली. "मी खोटं बोलले. भ्याले होते. आहे. माझ्याही बाजूनं आहे… केव्हापासून ते विचारू नकोस, मला नीट सांगता येणार नाही. बाईंनाही सांगितलंय. खुर्ची गेली असती तरी सांगितलं असतं. आणि तुला आता नको असेल तर तसं सांग, मी दुपारच्या बसनं परत—"

तो वळला, आणि कोपऱ्यातल्या नळाखाली हात धुवायला लागला. सावकाश. एकेक बोट.

"फाउस्तो! अरे, काहीतरी बोल ना!"

"थांब गं," तो म्हणाला. "हात शेणानं भरलेत. एवढे धुऊ दे. तुझा हात असा कसा धरू?"

पण नार्सिसाला थांबायला कुठे वेळ होता? ती चिखलातून तशीच पुढे गेली, आणि बर्फासारख्या गार पाण्याखाली तिनं त्याचे अर्धवट धुतलेले हात घट्ट धरले.