सकाळची एकच गाडी

दार आतून बंद होतं.

अस्मिताने आधी हाताने ठोकलं, मग जेवणाच्या डब्याने. "उघडा ना हो! आम्हालाही जायचंय!" आत शिमगा आटोपून मुंबईला परतणारी माणसं दाटीवाटीने उभी होती. खिडकीजवळच्या एका काकांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे मान दुसरीकडे वळवली.

महाडजवळच्या वीर स्टेशनात गाडी थांबते तीही उपकार केल्यासारखी. अस्मिता ओढणी सावरत पुढच्या डब्याकडे धावली. तिथेही तीच गत. फक्त दाराजवळच्या खिडकीला एक मुलगा गजांना नाक चिकटवून उभा होता. निळा कंपनीचा शर्ट, विस्कटलेले केस. तिला बघताच तो हात हलवून जिवाच्या आकांताने ओरडायला लागला.

"गो! गो! गो!"

अस्मिता रोह्याच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायची. 'गो'चा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती जागच्या जागी थांबली, आणि तेवढ्यात गाडी हलली.

"निर्लज्ज!" ती गाडीमागे ओरडली. "बसायला मिळालं म्हणून माणुसकी विकलीत का रे?"

तोही उभाच होता, पण रागाला एवढं कुठे दिसतं?

आणि राग तरी का येऊ नये! महाडच्या माणसाने रोह्याला नोकरी करायची तर सकाळची ही एकच गाडी. ती चुकली की दिवस गेला. बाकीच्या एक्स्प्रेस येतात, फलाटावरचा पाचोळा उडवतात आणि जातात. त्यांना आम्ही दिसत नाही. रस्त्याने जावं तर महामार्गाचं काम आपल्या जन्माच्या आधी सुरू झालं असावं असं वाटतं. या एका गाडीत पुढच्या सगळ्या स्टेशनांनी बसायचं, आणि डबे वाढवा म्हटलं की साहेब लोक म्हणतात, वर कळवलंय.

त्या दिवशी कॉलेजच्या प्राचार्या, सरोजबाई, फोनवर एवढंच म्हणाल्या, "अस्मिता, तू शिकवतेस छान. पण आणखी एकदा खाडा झाला तर तुझे तास मला दुसऱ्या कुणाला द्यावे लागतील." वडिलांना तर निमित्तच हवं होतं. महाडच्या बाजारपेठेत त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. "सोड ती नोकरी," ते म्हणाले, "दुकानाच्या माडीवर क्लास काढ." अस्मिताला माडी नको होती. तिला ते कॉलेज हवं होतं, तो फळा हवा होता, मागच्या बाकावर बसून इंग्रजीला घाबरणारी ती पोरं हवी होती.

दुसऱ्या दिवशी गाडी थांबली तेव्हा एका डब्याचं दार उघडं होतं आणि दारात पाय रोवून तोच उभा होता. निळा शर्ट! अस्मिता चढली ती भांडायच्या तयारीनेच.

"काल मला गो म्हणालात ना तुम्ही?"

"म्हनलो की! एवढा बोलवत व्हतो, तुमी आलाच नाय!"

"बोलवत होतात? गो म्हणून? जा म्हणून?"

तो क्षणभर बावळटासारखा बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने कपाळावर हात मारला. "अवो... इंग्रजीतला गो नाय! आमचा गो! 'हिकडं ये गो, बिगी बिगी ये गो'... तसला गो! गर्दीत बाकीचं गेलं आन् नुसतं गो गो राह्यलं. मी दाराची कडी काढून ठेवली व्हती."

बाजूला वालाच्या शेंगांची पाटी घेऊन उभ्या असलेल्या ठमाबाई फिस्सकन हसल्या. अस्मिताचे कान लाल झाले. महाडात वाढलेल्या मुलीला आपला 'गो' कळू नये? पण हार मानेल ती अस्मिता कसली!

"अनोळखी बाईला कुणी गो म्हणतं का?"

"घाईत तोंडातून घरचाच शब्द येतो."

"मी तुमच्या घरची आहे?"

"आजून नाय," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर खिडकीबाहेर बघायला लागला.

त्याचं नाव हर्षद. मूळचा पोलादपूरच्या वरचा, कुडपणचा. तिथून गाडी गाठणं म्हणजे आदल्या दिवशीच निघावं लागेल, म्हणून करंजाडीला आत्याकडे राहायचा आणि रोह्याच्या एका कारखान्यात फिटर होता. गाडी करंजाडीला वीरच्या आधी येते. त्यामुळे वीरला दार उघडं ठेवायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. कुणी शिव्या घातल्या तर म्हणायचा, "गाडी तुमच्या सासऱ्याची नाय!" अस्मिता चढली की तो हात दांडीला टेकवून अशी जागा करायचा की तिला धक्का लागू नये. त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास यायचा. आंब्याच्या मोहोराचा वास यायला हवा होता, असं तिला उगाच वाटायचं, आणि मग ग्रीसचाही आवडायला लागला.

"तुम्हाला रोज उभं राहून कंटाळा नाही येत?" तिने एकदा विचारलं.

"करंजाडी ते वीर येतो..." तो म्हणाला. "पुढं नाय."

पाडव्याला जोडून सुट्ट्या आल्या आणि सोमवारी गाडी आली ती माणसं ओतून भरल्यासारखी. त्या दिवशी अकरावीचा इंग्रजीचा पेपर होता आणि वर्गावर अस्मिताच. फलाटावर शंभरेक माणसं, आणि आत बोट शिरायला जागा नाही. लोक दारं बडवत होते, कुणी गार्डाच्या नावाने बोंब ठोकत होतं. हर्षदचं दार उघडं होतं, पण तो स्वतःच एका पायावर लोंबकळत होता.

"हात द्या!" अस्मिता ओरडली.

"कुठं घेऊ? जागाच नाय!"

शिट्टी झाली. अस्मिताच्या डोळ्यांत पाणी तरळलं. रागाचंच होतं ते. हर्षदने एकदा तिच्याकडे बघितलं आणि सरळ खाली उडी मारली. तिला काही कळायच्या आत त्याने तिला दंडाला धरून वर चढवलं. त्याच्या एका पायाची जागा तिच्या एका पायाला पुरली. गाडी सुटली, आणि तो फलाटावर हात हलवत राहिला.

पेपर झाला. तास वाचले. सरोजबाई "शाब्बास" म्हणाल्या. पण अस्मिताने दिवसभर डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी ती वीरला उतरली तेव्हा हर्षद फलाटावरच्या बाकावर बसलेला होता.

"तुम्ही घरी नाही गेलात?"

"गेलो व्हतो, परत आलो. स्टेशनमास्तरांना इचारलं, डबे कधी वाढणार. म्हनले, वर कळवलंय. मी म्हनलो, वर म्हंजे कुठं? सोर्गात?" तो हसला. "पेपर झाला ना?"

झालं! सकाळपासून दाबून धरलेलं सगळं उसळून आलं.

"हसू नका! कुणी सांगितलं होतं उतरायला? तुमचा खाडा झाला तो? कंपनी काय ओवाळणार आहे तुम्हाला?"

"तुमची नोकरी जाईल म्हनून..."

"आणि तुमची गेली तर? रोज एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने जायचं, हेच करत बसायचं का आपण? यालाच त्याग म्हणून टाळ्या वाजवतात लोक, आणि तिकडे वरचे निवांत झोपतात! मला नको असला त्याग. मला तुम्ही त्या फलाटावर उभे राहिलेले नको आहात, कळलं? दिवसभर मला दुसरं काही दिसलं नाही!" तिचा आवाज चिरकला. "मला... मला तू बरोबर हवा आहेस."

फलाटावरची माणसं थबकून बघायला लागली. हर्षद उठून उभा राहिला.

"म्हंजे... दोघांनी बरोबर जायचं म्हनतेस?"

"हो!"

"हे गाडीचं म्हनतेस, का... लग्नाचं?"

"दोन्हीचं!" अस्मिता एवढ्या जोरात ओरडली की स्टेशनमास्तर खिडकीशी आले. तिने हर्षदचा हात घट्ट धरला आणि त्यांच्याकडे वळली. "आणि साहेब, तुम्ही खिडकी बंद करू नका. डब्यांचं आमचं अजून बोलून झालेलं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमचंबी!" आणि उतरलेली सगळी माणसं घरी जायचं सोडून त्या दोघांच्या मागे येऊन उभी राहिली.