ऐंशी नंबरचा जेट

लाईट जाऊ द्या पोरांनो, बसा जरा. मल्हारीचं काय झालं ते विचारत होता ना? मी ओझरच्या कारखान्यात फिटर होतो, तो माझा शेजारी, गाड्यांचा मिस्तरी. त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

त्र्याऐंशी साल. बारा नोव्हेंबर, शनिवार. दिवाळी होऊन आठवडा झालेला, आकाशात अष्टमीचा चंद्र. मल्हारी दुपारच्या एसटीनं पेठला गेला, वाळू नावाच्या दोस्ताची मोटारसायकल आणायला. वाळूची बायको नवसाबाई, तिनं निरोप धाडला होता. "गाडी दारात दिसली की सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नाय. घेऊन जा."

वाळू म्हणजे डोंगरातल्या शर्यतींचा गडी. गाडी टू-स्ट्रोक, मडगार्ड काढलेली, चाकांना खाचांचे टायर. त्याच वर्षी मे महिन्यात म्हसरूळच्या टेकडीवर शर्यत होती. ऐन चढावर गाडीचं मागचं चाक गच्च अडकलं आणि वाळू खाली खडकांवर गेला. जागीच संपला. लोक म्हणाले, नशीब.

नशीब नव्हतं ते.

त्या गाडीचा कार्बोरेटर मल्हारीनं लावला होता. अख्ख्या नाशकात त्याच्यासारखा हात नाही. डोळे मिटून सिलिंडरवर तळवा टेकवायचा आणि सांगायचा, पेट्रोल जास्त होतंय की कमी. पण आदल्या वर्षी वाळू चार लोकांत म्हणाला होता, "गाडी मी पळवतो. मल्हारी नुसता स्क्रू फिरवतो." हसण्यावारी म्हणाला होता. मल्हारी हसलासुद्धा.

शर्यतीच्या सकाळी त्यानं नव्वद नंबरचा जेट काढला आणि ऐंशीचा बसवला. पितळेचा एवढासा तुकडा, त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑईल असतं. भोक बारीक केलं की दोन्ही कमी. गाडी आधी अशी सुसाट सुटते की विचारू नका, मग तापते, पिस्टन आत चिकटतो आणि मागचं चाक जागीच अडकतं. हे सगळं मल्हारीला माहीत होतं. वाळूनं फेरी मारून येऊन त्याला मिठी मारली होती. "मल्हारीभाऊ, अशी कधी पळाली नव्हती रे!"

तर तो ऐंशीचा जेट अजून गाडीतच होता. उद्या दुसऱ्या कुणी मिस्तरीनं कार्बोरेटर उघडला तर? म्हणून मल्हारी स्वतः गेला.

नवसाबाईनं त्याला जेवू घातलं. "तुम्हीच त्यांचे खरे दोस्त," म्हणाली. अंधार पडल्यावर गोठ्यात, कंदिलाच्या उजेडात त्यानं कार्बोरेटर खोलला. नव्वदचा जेट घातला. ऐंशीचा शेणात दाबला. पिस्टन तर गार झाल्यावर कधीच सुटला होता. त्यानं बरोबर आणलेलं पेट्रोल ओतलं, किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू! आवाज ऐकून घरात म्हातारी एकदम उठून बसली. म्हणाली, "वाळू आला का गं?"

मल्हारी निघाला. साडेनऊ वाजले होते.

सावळ घाटापर्यंत काही नाही. चांदणं होतं, रस्ता मोकळा. घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी मागून दबली. कुणी उडी मारून बसावं तशी. कमरेला दोन्ही बाजूंनी गार लागलं.

"मल्हारीभाऊ…"

त्यानं मागं पाहिलं नाही.

"मूठ पूर्ण पिळली की अडखळते रे. बघ ना जरा."

गाडी खरंच अडखळायला लागली. थांबली. इंजिन मात्र चालूच. मल्हारी उतरला. पाय त्याचे, पण ऐकत नव्हते. खिशातून पेचकस काढला. स्क्रू पाव फेरा फिरवला.

"अजून."

अजून पाव.

"हां… आता हात लाव. तू लावतोस तसा."

त्यानं सिलिंडरवर तळवा टेकवला. चटका बसला. हात काढायला गेला…

निघेना.

"गरम आहे?"

"हो… हो!"

"पेट्रोल जास्त आहे का कमी?"

मल्हारी ओरडत होता. गाडीची मूठ कुणी पिळत नव्हतं, तरी इंजिनाचा आवाज चढतच होता. मांसाचा वास यायला लागला.

"जेट कितीचा होता, भाऊ?"

मल्हारीनं दुसऱ्या हातानं मनगट ओढून पाहिलं.

"कितीचा?"

"ऐंशी!"

"माहीत होतं तुला?"

"होतं… वाळू, होतं रे… सोड…"

मग अगदी मायेनं, कानाशी…

"मग राहू दे हात."

चंद्र मावळला.

पहाटे पेठच्या जीपवाल्याला तो दिसला. गाडीशेजारी उकिडवा बसलेला, हात इंजिनवर. कातडी खरवडून हात सोडवावा लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी मनगटापासून कापला.

तिसऱ्या दिवशी मी तिथं बसलेलो. मल्हारीनं तेव्हाच मला हे सगळं सांगितलं. सांगून संपतंय तोच नवसाबाई आली. नागलीची भाकरी आणली होती. त्याला एक हात नाही, म्हणून आपल्या हातानं तिनं त्याला घास भरवले. तो खात होता आणि रडत होता. ती म्हणाली, "रडू नका भाऊ. तुम्ही त्यांच्या गाडीसाठी एवढं केलं." आजवर मी तिला खरं सांगितलेलं नाही.

जाताना तिनं खाटेखालचा त्याचा सदरा उचलला. म्हणाली, धुऊन आणते. घडी करायला झटकला, उजेडात धरला… आणि तशीच उभी राहिली.

सदऱ्यावर कमरेशी काळ्या ऑईलचे हात उमटले होते. मागं बसणारा धरतो तसे. उजवीकडे पाच बोटं. डावीकडे तीन.

नवसाबाईनं त्या तीन बोटांवर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लहानपणी कडबा कापताना गेली व्हती त्यांची… शेवटची दोन."