पाडलेल्या पुलावरची पावलं

ज्यांना हसायचंय, त्यांनी आत्ताच हसून घ्या. त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर मी होते, माझी ताई होती आणि तुडुंब माणसं होती. सगळ्यांनी ऐकलंय. आज त्यातले निम्मे म्हणतात, "वारा होता."

वारा म्हणे!

रविवार होता. दुपार कलली होती, पण ऊन लख्ख होतं. आमच्या उपनगरातल्या स्टेशनला शंभर वर्षं झाली म्हणून समारंभ होता. स्टेशनचा इतिहास सांगणारा मोठा फलक भिंतीवर लावला होता, त्यावर पडदा. ताई त्याच स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायची. मी तिच्या केबिनच्या दारात उभी होते.

रेल्वेच्या मोठ्या साहेबांनी पडदा बाजूला ओढला.

मी वाचलं. पहिलं इंजिन, पहिली तिकीट खिडकी, विजेचे दिवे... सगळं होतं.

पूल नव्हता.

दोन्ही प्लॅटफॉर्म जोडणारा लोखंडी पूल. मी शाळेत असताना तो मधोमध तुटला. कामावरून सुटलेली माणसं रुळांवर पडली. त्यात आमची आई होती. पूल आतून गंजलाय, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. या रेल्वेवाल्यांनी काय केलं? वरून रंग फासला! आणि चौकशीत म्हणे, प्रवाशांनीच ढकलाढकली केली. मेलेल्यांच्याच माथी खापर! उरलेला पूल घाईघाईने कापून नेला.

"बघितलंस?" मी ताईला म्हणाले.

"गप्प बस. मला इथे नोकरी करायचीय."

साहेबांनी माइक घेतला. "या स्टेशनच्या इतिहासाला कसलंही गालबोट नाही..."

टण्.

साहेबांनी वर बघितलं. ओशाळं हसले.

टण्... टण्... टण्...

लोखंडी पत्र्यावर चपला वाजाव्यात तसं. आधी एकच जण. मग दोघं-तिघं. मग गर्दी. घरी निघालेल्या माणसांची घाईची चाल... आमच्या डोक्यावरून.

वर नुसतं आभाळ होतं.

"कोण चढलंय वर? उतरवा त्याला!" साहेब ओरडले.

कुणाला उतरवणार?

त्या गर्दीत एक चाल होती... एक पाऊल ठाम, दुसरं फरफटत. ताईने माझा दंड धरला. नखं रुतली.

"आई..."

आईचा डावा पाय अधू होता. जिन्यात तिची चाल आम्ही घरात बसून ओळखायचो.

पावलं मधोमध आली...

आणि थांबली. सगळी एकदम.

ना किंकाळी, ना धडाम. वाट बघत असल्यासारखी शांतता.

ताई आत गेली. आपला माइक चालू केला. आणि रोज गाड्या सांगते त्याच सपाट आवाजात तिने पुलावर मेलेल्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. तिला सगळी तोंडपाठ होती.

एक नाव... वर एक टण्. हजेरी दिल्यासारखं.

मग त्या एकाचीच पावलं पुढे चालत गेली आणि पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर, नसलेल्या जिन्यावरून, खाली उतरली.

दुसरं नाव. तिसरं. समोरची माणसं सरकून वाट करून देत होती. एक म्हातारा हमसून हमसून रडत होता.

"बंद करा तो माइक!" साहेब किंचाळले.

आईचं नाव ताईने शेवटी ठेवलं होतं. तिने तोंड उघडलं...

साहेबांच्या माणसाने वायर उपटली.

ताईची नोकरी गेली. फलक तसाच आहे, पुसूनबिसून चकचकीत. ती पावलं आता कुणालाच ऐकू येत नाहीत.

एक चाल सोडून.

मी कामावरून येताना तिथे थांबते. वर फरफट ऐकू येते... मधोमध येते, थांबते. मी हाक मारते. आधी "आई" म्हणून, मग नावाने. लोक बघतात. बघू देत.

वरची पावलं ऐकतात. नक्की ऐकतात.

पण उतरत नाहीत. स्टेशनच्या माइकवरून तिचं नाव राहिलंय; माझ्या हाकेने भागत नाही तिचं.

मग कुणाच्या?