प्रचालकांचा हितसंबंध

बसमध्ये उभ्या माणसाने आपली पिशवी बसलेल्या माणसाच्या मांडीवर ठेवायची, ही तंजावूरकडची रीतच आहे. ओळखपाळख लागत नाही, विचारावंही लागत नाही. त्या मंगळवारी सकाळी ओरत्तनाडूच्या बसमध्ये सुप्रभाच्या मांडीवर अशीच एक पिशवी येऊन पडली. निळी, चांगलीच जड आणि पावसाने निम्मी ओली.

"सॉरी हं... मराठी बोलताना ऐकलं म्हणून धीर केला," वरून आवाज आला.

सुप्रभा नुकतीच मामांशी फोनवर बोलत होती, "येतें मामा, बशीत बसलें." तिने मान वर केली. उंच, सावळा, चष्म्यावर पावसाचे थेंब असलेला एक तरुण बसच्या हिसक्यासरशी पुढेमागे होत होता. कंडक्टरने शिट्टी फुंकली तसा तो अर्धा तिच्या अंगावरच आला, आणि 'सॉरी' म्हणून एवढा लाजला, की तिला हसू फुटलं.

"राहू द्या की. तुम्ही नवे दिसतांत इकडे."

"नवा आणि जुनाही. आजोबा तंजावूरचे, बाबा रेल्वेत. मी वाढलो भुसावळला. घरी आजीआजोबा असंच बोलायचे... तुमच्यासारखं. ऐकून फार बरं वाटलं."

एवढं गोड बोलणाऱ्याकडे जरा निरखून पाहावं म्हणून तिने नजर वळवली, ती नेमकी पिशवीच्या बाजूच्या कप्प्यावर गेली. तिथून एक गळ्यात अडकवायचं ओळखपत्र डोकावत होतं. 'मुक्त ज्ञानकोश संपादन शिबिर, तंजावूर. श्रीकर. सदस्यनाव : नीरक्षीर.'

सुप्रभाने ते नाव दोनदा वाचलं. नीरक्षीर! काल रात्री जेवण गोड लागू न देणारा तो हाच!

आता हा नीरक्षीर कोण आणि सुप्रभाचं त्याने काय घोडं मारलं होतं, ते सांगायलाच हवं. सुप्रभा दिवसा एका कॉलेजात प्रयोगशाळा-सहायक होती, या आठवड्यात सुट्टीवर, आणि संध्याकाळी सहानंतर 'तिखटमीठ' होती. आंतरजालावरच्या मराठी मुक्त ज्ञानकोशात कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, पैसा कुणाला मिळत नाही आणि नावही खरं नसतं. दोन वर्षांत तिने भाताच्या वाणांपासून देवळांच्या रथांपर्यंत तीनशे लेख लिहिले होते. नीरक्षीर तिथला प्रचालक, म्हणजे सगळ्यांनी निवडून दिलेला असा स्वयंसेवक, ज्याला लेख वगळण्याचा अधिकार असतो. दोन वर्षं या दोघांचं चर्चापानावर भांडण चालू होतं. तो म्हणे, "हे वाक्य कशावरून?" ती म्हणे, "डोळ्यांनी पाहिलं त्यावरून!" तो ते वाक्य काढी, ती परत घाली.

आणि काल, सोमवारी, त्याने तिचा सगळ्यांत लाडका लेख वगळण्यासाठी मांडला होता. लेख होता बाळकृष्णरावांवर. ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस साठाव्या वर्षी पहिलीचं पुस्तक आणून देवनागरी शिकला, आणि मग एका बोटाने टाइप करत त्याने ज्ञानकोशात दोन हजारांवर लेख लिहिले. वर्तमानपत्र किंवा पुस्तकातले दोन तरी संदर्भ सात दिवसांत मिळाले नाहीत, तर रविवारी लेख जाणार होता.

बाळकृष्णराव तिचे सख्खे थोरले मामा होते. काचबिंदूने त्यांची नजर अधू होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, वाचायचं ते येत्या दोनचार महिन्यांत वाचून घ्या. जन्मभर दुसऱ्यांवर लिहिणाऱ्या मामांनी स्वतःवरचा लेख एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, एवढाच तिचा हट्ट होता; लेख पक्का झाला की दाखवायचा, म्हणून तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं. पण ज्ञानकोशाचा नियम असा, की आपल्या माणसावर लिहायचं तर 'हे माझे अमुक लागतात' असं आधी जाहीर करायचं. ते तिने केलं नव्हतं. केलं असतं तर लेखाकडे कुणी धड पाहिलंही नसतं, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

"तुम्ही काय करतांत?" तिने साळसूदपणे विचारलं.

"नोकरी चेन्नईत. आणि फावल्या वेळात... ज्ञानकोशात लिहितो. गुरुवारी शिबिर आहे. त्याआधी म्हटलं मुक्तांबाळ छत्राचा फोटो काढून यावं. तिथला एक तिखटमीठ नावाचा माणूस फोटो नाही म्हणून माझ्या डोक्याशी कटकट करतोय."

"माणूस?"

"पन्नाशीचा असणार. जाड मिश्या. एक नंबरचा भांडखोर!"

"अय्यो!" म्हणून सुप्रभाने ओठ दाबले. "एवढा वाईट अहे?"

श्रीकर खिडकीबाहेर बघत राहिला. रस्त्याच्या दुतर्फा भाताची शेतं पाण्याने तुडुंब होती.

"वाईट कसला... सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मी काय बघतो सांगू? रात्री तिखटमीठरावांनी काय लिहिलं ते. एवढं जिवंत लिहिणारं दुसरं कुणी नाही आमच्यात. पण हे त्यांना सांगायचं नाही हं, शेफारतील."

सुप्रभाचे कान गरम झाले. तिने ती ओली पिशवी उगाचच जवळ ओढून घेतली.

ओरत्तनाडूला उतरल्यावर, मामांकडे जायच्या आधी, छत्र तिनेच दाखवलं. एका मराठा राजाने आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावाने बांधलेली ती धर्मशाळा, भिंतीतून पुढे झेपावणारे दगडी हत्ती-घोडे, आणि पावसाने काळाभोर झालेला चौथरा. श्रीकर गुडघ्यांवर बसून, वाकून, चिखलात हात टेकून फोटो काढत होता.

"तिथे उभ्या राहता का? घोड्याची उंची कळेल."

"मी काय मोजपट्टी अहे?"

"मोजपट्टी एवढी सुंदर असती तर गणितात मी कधीच नापास झालो नसतो."

बोलून तोच गोंधळला आणि कॅमेऱ्याचं झाकण शोधू लागला. झाकण त्याच्या हातातच होतं. सुप्रभा घोड्याजवळ जाऊन उभी राहिली... आणि फोटो एकाचे नऊ निघाले.

परतताना तिने हळूच विचारलं, "तो बाळकृष्णरावांचा लेख... तो काढणारच?"

तो थबकला. "तुम्ही वाचता ज्ञानकोश? ते माझे गुरू आहेत हो. कधी भेटलो नाही, पण मी नवा असताना माझा प्रत्येक लेख त्यांनी ओळ न् ओळ दुरुस्त केलाय. सहा महिने झाले, लिहीत नाहीत. काळजी वाटते. पण गुरूचा लेख म्हणून नियम वाकवला, तर पहिले तेच माझा कान धरतील."

सुप्रभाला तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. शब्द ओठांवर आले... तेवढ्यात त्याची बस आली.

गुरुवारी शिबिरात तीस-पस्तीस जण जमले. दाराशी वही होती, नाव आणि सदस्यनाव लिहायचं होतं. श्रीकरने तिला पाहिलं, त्याचा चेहरा उजळला, पेन त्यानेच पुढे केलं. सुप्रभाने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं : तिखटमीठ.

श्रीकरने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"मिश्या घरी ठेवून आलें," ती म्हणाली.

तो पेनाचं टोपण चावत तीन मिनिटं नुसता उभा होता, असं नंतर लोक सांगत. मग हसायला लागला तो थांबेचना. त्या दिवशी त्याने जे काय शिकवलं, ते कुणालाच नीट कळलं नाही.

चहाच्या वेळी मात्र तो गंभीर झाला. "तिखटमीठराव... सुप्रभा... एक विचारायचंय. बाळकृष्णराव तुमचे कुणी लागतात?"

"नाही," सुप्रभा म्हणून गेली. एवढ्या चटकन, की परत घ्यायला वेळच उरला नाही.

"मग झालं. शनिवारी मला सुट्टी आहे. संदर्भ शोधू. दोघं मिळून."

शनिवारी तिरुवैयारूच्या वाचनालयात दोघं जुन्या साप्ताहिकांच्या चळतीपुढे मांडी घालून बसले. बाहेर पाऊस कोसळत होता, शेजारच्या घरात कुणी मुलगी गाण्याचा एकच धडा पुन्हा पुन्हा घोकत होती. श्रीकरला तमिळ बोलता येई, वाचता येत नसे. सुप्रभा मथळे वाचून दाखवी आणि तो मजकुराऐवजी तिच्याकडे बघे.

"इकडे बघा की, कागदाकडे."

"बघतोय ना."

"कोठे बघतांत, मज दिसतं!"

दुपारी तीनला तिने किंकाळीच फोडली. नऊ वर्षांपूर्वीच्या साप्ताहिकात पूर्ण पानभर मजकूर होता, फोटोत एका बोटाने टाइप करणारे मामा! आणि अर्ध्या तासात एका संमेलनाच्या स्मरणिकेत दुसरा लेख श्रीकरला सापडला. तिथेही मामांचा फोटो होता, म्हणून त्याला ओळखता आला. आनंदाच्या भरात त्याने तिचे दोन्ही हात धरले. ग्रंथपालबाई खाकरल्या. हात सुटले आणि दोघंही घाईने साप्ताहिकं परत रचू लागले.

बसस्टँडवर वाफाळती कॉफी पिताना तो म्हणाला, "उद्या निर्णय माझ्याच सहीने जायचाय. रात्रभर विचार करणार आहे."

"संदर्भ मिळाले की. आता काय विचार?"

"आहे एक," एवढंच म्हणून तो गेला.

सुप्रभाला रात्रभर डोळा लागला नाही. त्याला खरं कळलं असेल का? ज्याने एवढा जीव लावून संदर्भ शोधले, त्याच्या तोंडावर आपण खोटं बोललो, हे तिला आतून कुरतडत राहिलं. लेख टिकला आणि तो माणूसच दुरावला, तर?

रविवारी सकाळी ती मामांकडे ओरत्तनाडूला गेली. मामा अंगणात भिंग घेऊन बसले होते. दहाला तिच्या फोनवर सूचना वाजली. तिने पान उघडलं, पण वाचायचा धीर होईना.

"आण इकडे," म्हणून मामांनी फोन घेतला, अक्षरं मोठी केली आणि भिंग धरून, शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचायला सुरुवात केली.

"या लेखावर मी निर्णय देऊ शकत नाही. माझा हितसंबंध जाहीर करतो. लेख लिहिणाऱ्या सदस्या तिखटमीठ यांच्यावर... माझं... प्रेम आहे." मामा थांबले. भिंग खाली गेलं, परत वर आलं. "हे त्यांना अजून ठाऊक नाही. दोन संदर्भ जोडले आहेत, पण त्यांतला एक मीच शोधला असल्याने त्यांची छाननीही दुसऱ्या प्रचालकांनी करावी. नीरक्षीर."

सुप्रभाने पदराने... नव्हे, ओढणीनेच तोंड झाकलं.  पळत जाऊन सगळ्या गल्लीला ओरडून सांगावं की विहिरीमागे लपावं, तिला काही सुचेना.

मामा मात्र वरचा मजकूर शोधत होते. "लेख कोणावर अहे?... मजवर?" स्वतःच्या नावावरून त्यांनी भिंग दोनदा फिरवलं. लगेच त्यांनी भुवया चढवल्या. "तू मज भाची लागतेस, तें कोठे लिहिलंस?"

"लिहिलं नाही मामा."

"त्या पोराने चारचौघांत आपलं लिहिलं. आणि मी शिकवलेली तू लपवून बसलीस? लाज नाही वाटत?"

वाटत होती. तिने फोन घेतला आणि एका दमात लिहिलं : 'बाळकृष्णराव माझे सख्खे मामा आहेत. हे मी लपवलं, विचारल्यावर खोटंही बोलले. चूक माझी आहे. लेख गेला तरी तक्रार नाही.'

"आणि दुसरं?" मामा म्हणाले.

"दुसरं काय?"

"त्याने दोन ओळींत जें विचारलं नाही, त्याचं उत्तर."

सुप्रभाने डोळे मिटले आणि लिहिलं : 'नीरक्षीर यांच्यावर माझंही प्रेम आहे.' मग विचार बदलायच्या आत बटण दाबलं.

पुढचा पाऊण तास कसा गेला ते विचारू नये. पुण्याचे, नागपूरचे, कधी न पाहिलेले सदस्य चर्चापानावर अभिनंदनं लिहू लागले. शेवटी विनुता नावाच्या ज्येष्ठ प्रचालिकेचा निर्णय आला : 'दोन्ही संदर्भ तपासले. स्वतंत्र आणि पुरेसे आहेत. लेख ठेवला. तिखटमीठ, पुन्हा असं लपवलंत तर गय नाही. आणि तुम्ही दोघांनी यापुढे या लेखात एक अक्षरही बदलू नये. शुभेच्छा.'

मामांनी लेख वाचायला घेतला. भिंग एकेका ओळीवरून सरकत गेलं. मध्येच त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि सुप्रभाही रडली, पोटभर. तेवढ्यात फाटक वाजलं. श्रीकर दारात उभा होता, श्वास फुललेला, पिशवी एका खांद्यावर लोंबकळत.

"तुम्ही... कसे आलांत?"

"गुरूंना भेटायला निघालो होतो. साप्ताहिकातला पत्ता काल तुम्हीच वाचून दाखवलात. तुमचं उत्तर बसमध्ये वाचलं. कंडक्टरलाही दाखवलं." तो पायरीशी थांबला. "ते खरं आहे?"

"खोटं बोलून एकदा पाहिलं. जमलं नाही मज."

तो काही बोलणार, एवढ्यात मामांनी हाक मारली. "नीरक्षीर! इकडे ये. यात मोठी चूक अहे. मी निवृत्त झालो तें साल एकाने कमी लिहिलंय."

श्रीकर वाकला. सुप्रभा वाकली. चूक खरीच होती, मामा म्हणत होते तेच साल साप्ताहिकातही छापलेलं होतं. मामांनी सवयीने 'संपादन'वर बोट नेलं आणि हवेतच थांबवलं. स्वतःवरच्या लेखात लिहायची त्यांना बंदी होती. बाकी दोघांना तर आत्ताच झाली होती. 

"चर्चापानावर विनंती करूं," मामा म्हणाले. "विनुताबाई सात दिवसांत बघतील. तोवर हा पोरगा जाईल कसा? ठेवून घे त्यास."

"ठेवून घेतें," सुप्रभा म्हणाली, आणि मामांच्या देखत तिने त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवून आत नेली.