दोरापलीकडची थोको

"अहो कोच, तुमची पोरं चेंडूमागे पळतायत की माकडामागे?"

थोकोचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. जूनमधली शनिवारची सकाळ होती. जून म्हणजे आमच्याकडे हिवाळा. आमच्या खाणीच्या गावात, लुआंशात, थंडी पडली होती आणि मैदानाच्या लाल मातीवर अजून दव होतं. मी आठवडाभर खाणीत वेल्डिंग करायचो आणि शनिवारी आमच्या वस्तीतल्या बारा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवायचो.

मी वळून पाहिलं. मैदानाच्या कडेला दोर बांधलेला असतो, आईबापांनी आत येऊ नये म्हणून. त्या दोरापलीकडे, समोरच्या संघाच्या आयाबायांमध्ये, निळी लोकरीची टोपी घातलेली एक बाई उभी होती.

माकडाचं नाव काढलं म्हणजे ती न्गोनी जमातीची, हे मला कळलंच. आम्ही बेम्बा माकडं खातो असं ते म्हणतात, ते उंदीर खातात असं आम्ही म्हणतो. आमच्या पणजोबांनी एकमेकांवर भाले चालवले. आमच्या वाट्याला नुसती चेष्टा आली. बेम्बा आणि न्गोनी हे चेष्टेतले आतेमामे. एकमेकांना काहीही बोलावं, अगदी मेल्यामुडद्यांवरूनही बोलावं. रागावला तो हरला.

"बाई," मी म्हणालो, "उंदीर पकडून झाले असतील तर जरा मागे सरा. चेंडू आत टाकायचाय."

दोराच्या दोन्ही बाजूंची माणसं हसली. तीही हसली, तोंडावर हात ठेवून. मागे मात्र सरली नाही.

आम्ही हरलो. खेळ संपल्यावर ती मुन्कोयोचा हंडा घेऊन आली. मुन्कोयो म्हणजे मक्याचं आंबूस पेय. ते तिने आपल्या पोरांसाठी घरून करून आणलं होतं, पण पहिले पेले माझ्या पोरांना भरले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"हरलेल्यांना आधी. कापायच्या बकऱ्यालाही आम्ही पाणी पाजतो. पुढच्या खेपेला परत कापायचंय ना तुम्हाला."

"नाव काय तुमचं?"

"थोकोझिले जेरे. पण बेम्बांच्या जिभेला एवढं लांब झेपायचं नाही. थोको म्हणा." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "कान गारठलेत तुमचे. बायको टोपी विणून देत नाही वाटतं?"

"बायको नाही."

"हं..." तिने पेला माझ्या हातात दिला. "तरीच."

तिच्या भावाचा मुलगा त्या संघातून खेळायचा. भाऊ खाणीत शनिवारीही कामाला असायचा, म्हणून भाच्याबरोबर ती यायची. एरवी ती शाळेचे गणवेश शिवायची. हे सगळं मला हळूहळू कळलं. हिवाळाभर आमचे संघ समोरासमोर येत राहिले आणि मैदानावर पोचलं की माझी पोरं मोजायच्या आधी मी निळी टोपी शोधायला लागलो.

एका शनिवारी आमचा सामना दुसऱ्याच वस्तीशी होता. तरी ती दोरापाशी उभी होती.

"भाचा कुठंय?" मी विचारलं.

"घरी. झोपलाय."

"मग तुम्ही इकडे कशा?"

तिने टोपी कानांवर ओढली. "मी... उंदीर पकडायला आले."

त्या दिवशी मी पोरांना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

आता ऑक्टोबरच्या शेवटी काय झालं ते सांगतो.

आमच्याकडे लिकांडो नावाचा नवा गोलकीपर आला होता. दूर पश्चिमेकडचा, लोझी. त्याची आई एप्रिलमध्ये वारली आणि वडील, मुबिता, खाणीत नोकरी धरून त्याला इकडे घेऊन आले. पोरगं हुशार. बाकीच्यांत राहून चार महिन्यांत आमच्यासारखी बेम्बा बोलायला लागलं. लोझी माणसांचं न्गोनींशी चेष्टेचं नातं नाही. पण ते पोर लोझी आहे हे दोरापलीकडे कोणाला ठाऊक?

झिमझिम पाऊस होता. चेंडू ओला होता, लिकांडोच्या हातातून निसटला आणि गोल झाला. समोरच्या बाजूला आरडाओरडा झाला. थोकोचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"कोच, कुठून आणलंत हे पोर? हातात जीव नाही त्याच्या. आई मेली काय रे तुझी, जेवायला घालत नाही ती?"

बेम्बा पोराने यावर जीभ दाखवली असती. म्हणाला असता, मेली, आणि तुमच्याच उंदरांनी खाल्ली. मग सगळे हसले असते.

लिकांडो गोलपोस्टला टेकून खाली बसला. त्याने चेहरा गुडघ्यांत घातला.

मुबिता दोराखालून वाकून धावत गेले. "काय म्हणालीस?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. आमच्या बाजूचे बाप त्यांच्या मागे गेले. तिकडचे पुढे आले. कुणीतरी कुणाला ढकललं, पाण्याची बादली उलटली, दोर तुटला. आता कुणी माकडं-उंदीर म्हणत नव्हतं. खऱ्या शिव्या चालल्या होत्या. पोरं मैदानाच्या मध्यभागी जवळजवळ उभी राहून आपल्या आईबापांकडे बघत होती. दोन्ही संघांची, एका घोळक्यात.

समोरच्या संघाचे कोच साकाला आणि मी मध्ये जाऊन उभे राहिलो. साकाला वयस्क माणूस. त्यांनी एका बापाचे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि म्हणत होते, "पोरं बघतायत रे... पोरं बघतायत."

थोको मात्र एकाच जागी उभी होती. तिला काही कळत नव्हतं.

"चेष्टाच तर केली मी," ती मला म्हणाली. "कोच, रोजच तर..."

"तो लोझी आहे, थोको."

"असू दे, पण..."

"त्याची आई खरंच गेली. एप्रिलमध्ये."

तिने चपला काढल्या. माणसांमधून वाट काढत ती सरळ मैदानात गेली, चिखल तुडवत, गोलपोस्टपर्यंत. तिथे लिकांडोपुढे गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून टाळ्या वाजवायला लागली. हळू, एकामागून एक. आमच्या बायका सासऱ्यापुढे बसतात तशी, मोठ्यांची माफी मागतात तशी. अकरा वर्षांच्या पोरापुढे असं बसलेलं मोठं माणूस त्या मैदानावर कुणी पाहिलं नव्हतं.

ढकलाढकली थांबली. मुबिताही थांबले.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुला माझ्या नात्यातला समजले. तू नाहीस. तुझ्या आईचं नाव काढायचा मला हक्क नव्हता. मी चुकले."

लिकांडोने डोकं वर केलं.

"उठा," तो म्हणाला. "तुमचे कपडे खराब होतील."

साकाला पंचाकडे गेले आणि म्हणाले, तो गोल धरू नका. ते लिकांडोने ऐकलं. "का?" तो म्हणाला. "गोल झाला ना?" आणि हातमोजे घालून उभा राहिला.

आम्ही त्या एका गोलने हरलो. मी थोकोला शोधत होतो. तुटलेल्या दोरापाशी तिचा हंडा तेवढा होता.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भाचा एकटाच चालत यायचा. दोराच्या दोन्ही बाजूंना माणसं गप्प उभी असायची. सगळ्यांना एकमेकांची भीती बसली होती. पोरंही जपून खेळायला लागली. असा फुटबॉल मी कधी पाहिला नव्हता, आणि मला तो सहन होत नव्हता. खरं सांगायचं तर मला फुटबॉलचं काही नव्हतं. मला ती हवी होती.

शेवटी तिचा हंडा परत करायचं निमित्त काढून मी तिच्या दारात गेलो. ती मशीनवर बसली होती. उठली नाही.

"पोरं विचारतात तुम्हाला," मी म्हणालो.

"कोणती पोरं?"

"लिकांडो."

तिचं मशीन थांबलं. "काय विचारतो?"

"ती उंदीरवाली बाई कुठे गेली म्हणून."

तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि लगेच गेलं. "नाही हो कोच. मला माझ्या तोंडाची भीती वाटते आता. घरी असते तेच बरं."

"तुम्ही घरी बसलात, आणि तिकडे सगळी मैदानंच घरी बसल्यासारखी झालीत. आईबाप बोलत नाहीत. कुणी बोललं तर वाईट बोलतं. कुणाला काय बोलावं, कुठे थांबावं, हे त्यांना कोण सांगणार? ज्याला ठेच लागली तोच दगड दाखवू शकतो."

"तेवढ्यासाठी आलात?"

"नाही."

"मग?"

मी दारातच उभा होतो. हातात हंडा होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. "शनिवारी माझ्याशी कुणी भांडत नाही," मी म्हणालो. "मला... करमत नाही, थोको."

तिने हातातल्या गणवेशाचा दोरा दातांनी तोडला.

"बेम्बा माणसं," ती म्हणाली, "एवढंसं बोलायला एवढा मोठा हंडा घेऊन येतात."

आमच्याकडे मागणी घालायला मुलगा स्वतः जात नाही. मध्यस्थ जातो, आत थोडे पैसे ठेवलेली झाकलेली बशी घेऊन. मी कुणाला विचारावं या विचारात होतो, तेव्हा मुबिता स्वतःच आले. म्हणाले, "मी जातो. मी ना तुझ्या आतेमाम्यांतला, ना तिच्या. माझ्याशी कुणी चेष्टा करणार नाही, काम लवकर होईल." तिच्या वडिलांसमोर ते बशी ठेवून बसले, आणि तिनेच त्यांना पाणी आणून दिलं. गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी. मुबिता पाणी प्यायले. होकार त्यातच आला, असं ते नेहमी सांगायचे.

लग्नानंतर ती दर शनिवारी दोरापाशी उभी असायची. कधी माझ्या बाजूला, कधी समोरच्या. नवे आईबाप आले की त्यांना आधी गाठायची. "हसायचंय ना? कोचला हसा, पंचाला हसा, मला हसा. आतल्या पोराला नाही. ते कोणाच्याच आतेमाम्यांत नसतं." तिला कुणी उलट बोललं तर ती आनंदाने भांडायची. हळूहळू बाकीच्या वस्त्यांच्या मैदानांवरही तिला बोलावणी यायला लागली. आम्हाला मूल झालं नाही. ती म्हणायची, शनिवारी एवढी बावीस आहेत, आणखी कशाला.

अशी पुष्कळ वर्षं गेली. या पावसाळ्यात तिच्या किडन्या निकामी झाल्या. दवाखान्यातही ती माझ्याशी भांडायची, हळू आवाजात. मग तेही थांबलं.

अंत्यविधीला सगळ्या वस्त्यांचे कोच आले. बरेचसे बेम्बा, म्हणजे तिचे आतेमामे. आतेमाम्यांचं काम असतं ते. त्यांनीच कबर खणली आणि त्यांनीच चेष्टा केली. एक जण शवपेटीच्या वाटेवर आडवा पडला. म्हणाला, ही बाई मला दर शनिवारी आंधळा म्हणायची, आधी माफी मागू दे, मग पुढे न्या. रडणारी माणसं हसली. हसता हसता पुन्हा रडली. कुणीही वाईट मानलं नाही.

पेटी खाली उतरवल्यावर ते सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"चिसांगा," साकाला म्हणाले. आता ते काठी टेकत चालतात. "तूही बेम्बा आहेस, बाबा. तूही तिच्या आतेमाम्यांतला. बोल तिला काहीतरी. असं मुकाट्याने पाठवू नको तिला."

मी कडेपाशी गेलो.

"थोको," मी म्हणालो, "न्गोनी इतक्या आळशी असतात हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी मागणीच घातली नसती. दिवस एवढा वर आलाय, आणि तू झोपून आहेस."

माणसं हसली.

मी थांबलो. तिचं उत्तर यायला कधी वेळ लागत नसे, माझं वाक्य संपायच्या आत यायचं. मी तिथेच उभा राहिलो. हसणं थांबलं. मुबिता येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. सगळे कोच हातात फावडी धरून कबरीभोवती उभे होते, आणि त्यांच्यापैकी कुणीही पहिली माती टाकली नाही. मी मागे सरेपर्यंत ते तसेच उभे राहिले.